कोवळी ज्वारी आणि ‘किरळ’

विषारी झाडं म्हटलं की डोळ्यांसमोर धोतरा येतो, घाणेरी येते, कण्हेर येते. पण मी आज बोलणार आहे आपल्या भाकरीच्या ज्वारीबद्दल. भरल्या गोठ्यातलं जनावर तासाभरात आडवं करायची ताकद तिच्या कोवळ्या पोंग्यात असते. बऱ्याच गावांत याला ‘किरळ लागली’ म्हणतात.

होतं काय, तर कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचं द्रव्य असतं. नुसतं असून ते काही करत नाही. जनावरानं पान चावलं, पेशी फुटल्या, की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. हो, तेच सायनाइड. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जंतू हे काम आणखी झपाट्यानं करतात, म्हणून घोड्यापेक्षा गाय-म्हैस-शेळीला धोका जास्त. किलोला साधारण 2 मिलिग्रॅम विष पुरतं. म्हणजे 300 किलोच्या गाईला अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडंसंच जास्त!

आता यातली खरी गंमत (गंमत कसली म्हणा!) ऐका. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशींना तो वापरताच येत नाही. म्हणून रक्त लालभडक दिसतं आणि जनावर मात्र गुदमरतं. जोरजोरात श्वास, तोंडाला फेस, झोकांड्या, मग झटके. लोकांचा पहिला संशय सापावर जातो.

धोका कधी? पीक गुडघ्याएवढं असताना. पावसानं ताण दिला आणि ज्वारी खुरटली, तर आणखी. आणि कापणीनंतर धसकटांना जे हिरवेगार फुटवे येतात ना, तिथे तर जनावर सोडूच नका. फुलोऱ्यात आलेली ज्वारी बरीच सुरक्षित, नीट वाळवलेल्या कडब्यात विष खूप कमी होतं.

पण इथे एक मेख आहे. दुष्काळी चाऱ्यात नायट्रेटही साठतं, आणि ते वाळवून जात नाही. त्यात रक्त चॉकलेटी होतं. उपचारही उलटा. सायनाइडवर डॉक्टर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात; तेच नायट्राइट नायट्रेटच्या विषबाधेत दिलं तर जनावर हातचं जाईल. म्हणून व्हिडिओ बघून इंजेक्शन टोचायचं धाडस अजिबात नको. झटके येणाऱ्या जनावराला गुळाचं पाणीही पाजू नका, ते फुप्फुसात जातं आणि वेळ जातो तो वेगळाच.

चारा लगेच समोरून काढा, बाकीची जनावरं बाजूला घ्या आणि ओळखीच्या डॉक्टरांना किंवा 1962 वर फोन लावा. फोनवर पहिलंच वाक्य ‘जनावर आजारी आहे’ असं नको, ‘कोवळी ज्वारी खाल्लीय, इतक्या मिनिटांपूर्वी’ असं सांगा. म्हणजे डॉक्टर औषध सोबत घेऊनच निघतील.