ती ओरडली का नाही?

बाईवर अत्याचार झाल्याची बातमी आली, की गावातला पहिला प्रश्न आरोपीबद्दल नसतो, तिच्याबद्दल असतो. एवढ्या रात्री ती तिथं कशाला गेली? ओरडली का नाही? अंगावर साधा ओरखडासुद्धा कसा नाही? पारावर पुरुष हे विचारतात आणि नळावर आपण बायकाही विचारतो. मैत्रिणींनो, एकेकाळी देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही हेच मुद्दे निर्णायक ठरले होते, आणि तो खटला आपल्या महाराष्ट्रातलाच होता.

२६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणे. मथुरा ही चौदा-सोळा वर्षांची आदिवासी मुलगी. आईबाप नाहीत, मोलमजुरी करून राहायची. भावाच्या तक्रारीवरून तिला चौकशीसाठी ठाण्यात आणलं होतं. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर काढलं आणि तिला एकटीला थांबवून घेतलं. ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाला. आरोपी होते दोन पोलीस.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं १९७४ मध्ये दोघांना सोडलं. मुलीला संबंधांची सवय होती, तिची संमतीच असणार, असा निष्कर्ष काढला. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवून शिक्षा दिली. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हे त्यांनी ओळखलं. पण सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांना पुन्हा निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणून!

ठाण्यात, रात्री, पोलिसांसमोर एका अनाथ पोरीनं ओरडून कुणाला बोलवायचं होतं?

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून हाच सवाल केला. मुंबई, दिल्लीत बायका रस्त्यावर उतरल्या. निकाल काही बदलला नाही, पण कायदा बदलला. १९८३ पासून पोलिसांच्या ताब्यातल्या बाईनं 'माझी संमती नव्हती' असं कोर्टात सांगितलं, की ती नव्हतीच असं धरलं जातं. बंद दाराआड सुनावणी आली, पीडितेचं नाव छापायला बंदी आली. २०१३ मध्ये कायद्यात स्पष्टच लिहिलं गेलं, की बाईनं झटापट केली नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं मानता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद आहे. तिची 'सवय' तपासणारी दोन बोटांची चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये बजावलं.

कायदा पुढं गेला, पण तो आपल्याला माहीत नसेल तर त्याचा काय उपयोग? आपल्या गेवराई तालुक्यातल्या कितीतरी बाया दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन परमुलखात जातात. कोपीला ना दार, ना कडी. तिथं काही घडलं तर 'गुन्हा तिकडचा, आम्ही काय करणार' असं इथलं ठाणं म्हणू शकत नाही. घटना कुठंही घडो, तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. तिला झिरो एफआयआर म्हणतात. ती पुढं योग्य ठाण्याकडं पाठवणं हे पोलिसांचं काम. तक्रार महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते आणि तिची प्रत फुकट मिळते. तक्रार घेतलीच नाही, तर त्या पोलिसाला किमान सहा महिने आणि दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

एक गोष्ट मात्र लेकीसुनांना सांगून ठेवा. अशा वेळी पहिल्यांदा अंघोळ करावीशी वाटते, कपडे जाळून टाकावेसे वाटतात. तसं करू नये. कपडे न धुता कागदात गुंडाळून ठेवावेत आणि लवकरात लवकर दवाखाना गाठावा. दवाखाना सरकारी असो की खासगी, उपचार मोफत देणं बंधनकारक आहे. उशीर झाला, कपडे धुतले गेले, तरी तक्रार करता येतेच. पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्येच सांगितलंय. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायदा लागतो आणि गुन्हा लपवून ठेवणं हाही गुन्हा ठरतो.

कोर्टाच्या चकरा लांबतात, हे खरं. तारखेला जायचं तर मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, नातेवाईक 'मिटवून घ्या' म्हणून मागं लागतात. बऱ्याच केसेस पुराव्यापेक्षा या दमछाकीनंच मोडतात. म्हणून तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं जावं. बाईला तिथं उत्पन्नाची अट न घालता सरकारी खर्चानं वकील मिळतो. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्यही मिळतं. तातडीच्या मदतीला ११२ आणि १८१ हे नंबर आहेत.

बाकीचं आपल्या हातात आहे. तारखेच्या दिवशी तिच्यासोबत एक बाई एसटीत बसली, तरी तिला केवढा धीर येतो! आणि नळावर पुन्हा तो प्रश्न निघालाच, तर एवढंच विचारा: ती ओरडली असती, तर आपण धावलो असतो का?