थर्मोस्टॅट किती अंशांचा हवा?

मंचरकडून पुण्याकडे येताना अवसरीचा घाट चढावा लागतो. ऐन वैशाखात कांद्याच्या पिशव्यांनी भरलेला एखादा टेम्पो बॉनेट उघडून घाटात उभा असला, की एक सल्ला हमखास ऐकू येतो : "थर्मोस्टॅट काढून टाका. आपल्याकडच्या उन्हात तो हवाच कशाला?" अवसरी बुद्रुकसारख्या गावातील मुलांनाही हा सल्ला नवा नसतो. स्पोर्ट्‌स मोटारींचे हौशी मालक तो काढून टाकत नाहीत, पण ८८ अंशांऐवजी ७१ अंशांचा बसवतात. दोघांचे गृहीत एकच : थर्मोस्टॅट थंड, तर इंजिन थंड. ते कितपत खरे आहे?

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधील झडप. तिच्या पितळी डबीत मेण असते. मेण वितळताना त्याचे घनफळ दहा टक्क्यांहून अधिक वाढते. त्या रेट्याने दांडा सरकतो आणि झडप उघडते. झडपेवर ८२ हा आकडा असेल, तर ८२ अंश सेल्सिअसला ती उघडू लागते आणि साधारण ९५ अंशांच्या सुमारास पूर्ण उघडते. त्यापुढे तिच्या हाती काहीच उरत नाही. म्हणजेच थर्मोस्टॅट चालत्या इंजिनाचे किमान तापमान ठरवतो. कमाल तापमान रेडिएटर, पंखा आणि हवा ठरवतात.

एक हिशेब करू. रेडिएटर बाहेर टाकत असलेली उष्णता ही पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या साधारण प्रमाणात असते. समजा, घाट चढताना इंजिनाची उष्णता बाहेर टाकण्यास ६० अंशांचा फरक लागतो. हवा ४० अंश असेल, तर पाणी १०० अंशांवर स्थिरावेल. थर्मोस्टॅट ७१ चा असो, ८२ चा असो वा ८८ चा. तिन्ही पूर्ण उघडे असल्याने उत्तर तेच! डिसेंबरच्या पहाटे हवा १० अंश असेल, तर मात्र थर्मोस्टॅटशिवाय पाणी ७० अंशांच्या वर जाणार नाही. तेथे ८८ अंशांची झडप अर्धवट मिटून इंजिन ऊबदार ठेवते.

१०० अंशांना पाणी उकळणार नाही का? समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंशांनाच उकळते. पण रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरप्रमाणे दाब धरून ठेवते. सुमारे एक वातावरण जादा दाब असेल, तर उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. म्हणूनच गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब नाहीसा होताच पाणी एकदम उकळून अंगावर उसळते.

थर्मोस्टॅट काढण्याचा तोटा आणखी एक आहे. अनेक इंजिनांत पाण्याला रेडिएटर टाळून जाणारी आडवाट असते. झडप तापल्यावर ती वाट बंद करते. झडपच नसेल, तर काही पाणी थंड न होताच परत फिरते, आणि घाटात इंजिन उलट अधिकच तापू शकते.

इंजिन ऊबदार का हवे? एक लिटर पेट्रोल जळल्यावर जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. त्यातील बहुतेक वाफ धुराड्यातून जाते. थोडी पिस्टनच्या कड्यांजवळून वंगणात उतरते. तेल पुरेसे तापले नाही, तर ती तेथेच साचून गाळ होतो. थंड तेल दाट असल्याने घर्षणही वाढते. शिवाय इंजिन थंड आहे असे समजून संगणक जादा इंधन सोडत राहतो.

मग स्पोर्ट्‌स मोटारीचे काय? २०१२ साली दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात मांडलेल्या डीसी अवंतीत दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन होते. अशा इंजिनात दाब आणि उष्णता जास्त असते. इंधन अवेळी पेटून ठोके पडण्याचा धोका असतो. सिलिंडरच्या भिंती थोड्या थंड असतील, तर हा धोका घटतो. म्हणून शर्यतीच्या धावपट्टीवर कमी अंशांच्या थर्मोस्टॅटला अर्थ आहे. पण रोज रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीला निर्मात्याने सांगितलेला, बहुधा ८२ ते ९० अंशांमधला थर्मोस्टॅटच योग्य. बदल केलाच, तर पंख्याकडेही पाहावे. पंखा थांबण्याचे तापमान झडप उघडण्याच्या तापमानाखाली असेल, तर गरम इंजिनावर तो थांबणारच नाही. गाडी घाटात तापत असेल, तर रेडिएटरच्या जाळीतील कचरा, सैल पट्टा, गळके झाकण आधी तपासावे.

वर्गात करून पाहा. गॅरेजमधून जुना थर्मोस्टॅट आणा. झडपेच्या फटीत दोरा अडकवून तो पाण्याच्या पातेल्यात टांगा. तापमापी बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. पाणी सावकाश तापवा. झडप उघडताच दोरा सुटून थर्मोस्टॅट खाली पडेल. त्या क्षणीचे तापमान लिहा आणि झडपेवर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहा. त्यानंतर मुलांना विचारा : पाणी आणखी तापवले, तर ही झडप ते थांबवू शकेल का? घाटातल्या त्या सल्ल्याचे उत्तर ती स्वतःच देतील.