कोटेशनमधला बोर्ड

सकाळी १०.३०. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटर दुकानांची शटर्स वर जातायत. पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे बारावी झालेला मुलगा आणि त्याची आई. हातात दुसऱ्या दुकानाचं कोटेशन: आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, दिव्यांचं कॅबिनेट आणि बोर्डापुढे फक्त 'एच६१'. भाव भुरळ पाडणारा.

"दादा, सगळं नवं कोरं आहे म्हणाले ते."

ताई, हा चिपसेट २०११चा. त्यावर बसणारा आय-फाइव्ह फार तर तिसऱ्या पिढीचा. विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मुलाची चार वर्षं या मशीनवर जायची आहेत.

११.३०. नवं कोटेशन मांडतो. कोडिंग शिकायचंय, ग्राफिक्स कार्डाला पैसे नाहीत. मग रायझन ५ ५६००जी, त्यात ग्राफिक्स आतच असतं. बोर्ड ए५२०. मुलाचं मन बी५५०वर आहे. बोर्ड चांगलाच आहे तो, पण त्याचा मोठा फायदा पीसीआयई ४.०चा आणि हा प्रोसेसर ३.०वरच थांबतो. जे वापरायलाच मिळणार नाही, त्याचे पैसे आईने का मोजावेत? एएम५ सॉकेटचा बोर्ड घ्यायचा तर डीडीआर५ रॅम आली, बजेट तिथेच संपतं. वाचलेले पैसे मी चांगल्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये घालायला लावतो.

आता खरी निवड. ए५२०चेच दोन बोर्ड काउंटरवर शेजारी ठेवतो, दिवा खाली ओढतो. सॉकेटच्या डाव्या बाजूला काळ्या चौकोनी मॉसफेटची रांग दिसते. एका बोर्डावर ती उघडी, दुसऱ्यावर तिच्यावर ॲल्युमिनियमची हीटसिंक स्क्रूने घट्ट बसवलेली. एसएमपीएसचे १२ व्होल्ट इथेच सव्वा व्होल्टच्या आसपास उतरतात. ही जागा फार तापली की प्रोसेसरचा वेग पडतो. वर्षानुवर्षं तापत राहिली तर बोर्डाचं आयुष्य घटतं. यांची खोली पत्र्याखाली आहे, मे महिन्यात तिथे काय होत असेल! फरक काही शे रुपयांचा. माझं बोट हीटसिंकवाल्यावरच.

दुपारी २. डबा. खाता खाताच होलसेलरला फोन, बोर्ड सीलबंदच पाठव म्हणून.

३.३०. जोडणी. रॅमचे स्लॉट दोनच, तरी १६ची एक पट्टी न लावता ८-८च्या दोन. आतलं ग्राफिक्स रॅमवरच चालतं, दोन्ही चॅनल भरले की ते बरंच सुधारतं. ए५२० आला ऑगस्ट २०२०मध्ये, हा प्रोसेसर २०२१चा. जुन्या साठ्यातला बोर्ड बायोस अपडेट केल्याशिवाय त्याला ओळखतच नाही. म्हणून खोक्यावरचं 'रायझन ५००० रेडी' स्टिकर आधी बघायचं.

संध्याकाळी ६. मेमटेस्ट८६ लावून मशीन सोडून देतो. एकही चूक आली तर मशीन दुकानाबाहेर जात नाही.

रात्री ८.३०. चाचणी स्वच्छ. पक्क्या बिलावर बोर्डाचा सिरीयल नंबर लिहितो, वॉरंटी मागताना तोच कामाला येतो.

तुम्हीही कुठे कोटेशन घ्याल, तेव्हा चिपसेटवर भागवू नका. बोर्डाचं पूर्ण मॉडेल लिहून मागा. देत नसतील, तर शेजारच्या दुकानात जा.