किलिमांजारोची वाट: चढ नव्हे, मुक्काम पाहा

टांझानियातल्या किलिमांजारोवर नेहमीच्या वाटांनी जायला दोर लागत नाही की गिर्यारोहणाचं रीतसर शिक्षण. ५८९५ मीटरचं उहुरू शिखर चालत गाठता येतं. त्यामुळे आपल्याकडचे अनेक ट्रेकर तिकडे वळतात आणि वाट निवडताना सह्याद्रीचेच निकष लावतात: चढ किती, राहण्याची सोय कशी, खर्च किती. पण मारंगू वाटेचं प्रवेशद्वारच कळसूबाईच्या माथ्याहून, म्हणजे १६४६ मीटरहून, उंच आहे आणि शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला दिवस लागतात, आणि झोपेत रक्तातला प्राणवायू आणखी उतरतो. म्हणून तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. वाटेची खरी परीक्षा इथे आहे.

मारंगू सर्वांत सोपी मानली जाते. चढ सौम्य, झोपायला लाकडी झोपड्यांत पलंग. पण तिचे मुक्काम पाहा: मंडारा सुमारे २७००, होरोंबो ३७००, किबो ४७०० मीटर. रोज हजार मीटरची उडी, आणि किबोहून त्याच मध्यरात्री शिखराकडे निघायचं. माचामे वाट याहून उभी, तिथे तंबूत राहावं लागतं. दुसऱ्या मुक्कामापर्यंत तिचीही उडी मोठीच आहे. मात्र तिसऱ्या दिवशी ती लाव्हा टॉवरला सुमारे ४६०० मीटरपर्यंत नेऊन बारांकोला ३९५० मीटरवर झोपायला खाली आणते. पुढचा करंगाचा मुक्कामही जवळपास त्याच उंचीवर. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपण्याची ही संधी शरीराच्या फार उपयोगी पडते. पश्चिमेची लेमोशो तर शिरा पठारावर आणखी सावकाश चढते, म्हणून आठ दिवस काढता येत असतील तर मी तिचीच शिफारस करेन.

यावर पहिला आक्षेप पैशांचा, आणि तो खोटा नाही: उद्यानाचं शुल्क दिवसावर आकारलं जातं, प्रत्येक जादा दिवसाला हमाल-वाटाड्यांची मजुरीही वाढते. पण सहा दिवसांच्या माचामेत करंगाचा मुक्कामच गाळतात, म्हणजे बचत नेमकी शरीराच्या गरजेवर होते. दुसरा आक्षेप तंदुरुस्तीचा. रोज पळणाऱ्यालाही उंचीचा त्रास चुकत नाही. उलट दमसास चांगला असला की माणूस भराभर चढतो आणि अडचणीत येतो. डायमॉक्स गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली तर जुळवून घ्यायला मदत करते, पण घाईच्या वेळापत्रकावर ती इलाज नव्हे. पावसाळी दिवसांत छप्पर हवं म्हणून मारंगूच घ्यायची असेल, तर होरोंबोला एक जादा रात्र काढणारा सहा दिवसांचा कार्यक्रम घ्यावा, आणि त्या दिवशी झोपडीत पडून न राहता झेब्रा रॉक्सपर्यंत चढून यावं.