बिनहाताची खुर्ची

मराठी घरात खुर्ची उशिरा आली. पाट, सतरंजी, गादी-लोड आणि झोपाळा यांवर घर निभत होतं. खुर्ची होती ती कचेरीत, कोर्टात, शाळेत मास्तरांच्या ढुंगणाखाली. घरात शिरली तेव्हाही तिच्यात पंगतीभेद झालाच. हातांची खुर्ची वडीलधाऱ्यांची, लांब हातांची आरामखुर्ची आजोबांची. जुन्या स्टुडिओतल्या फोटोंत यजमान अशा खुर्चीत बसलेले असतात आणि बाई शेजारी उभ्या. बिनहाताची मात्र कुणाचीच नव्हती. पाहुणा आला की ओढायची, माळ्यावरचं काढायला तिच्यावर चढायचं, न्हावी आला की तीच अंगणात. तिला कुणी जपलं नाही.

आज कल्याणच्या पुढे, बदलापूर-वांगणीकडे ज्यांनी घर केलंय त्यांच्या कामाची नेमकी हीच खुर्ची आहे. वन बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा ठेवला की उरतो तो रस्ता. तिथे वाड्यातली आरामखुर्ची आणून ठेवणं म्हणजे रोज गुडघा आपटून घेणं. बिनहाताची खुर्ची सोळा-अठरा इंच रुंद, टेबलाखाली सरकते, भिंतीला लागते, एका हाताने उचलली जाते. तेव्हा जुनी खुर्ची घ्यायचीच असेल तर ही घ्या, आणि वंशावळीपेक्षा ती दुरुस्त होते का ते बघून घ्या.

आधी वयाचं. दुकानदार सरसकट ‘अँटिक’ म्हणतो. आपल्याकडे १९७२ च्या पुरावशेष कायद्यात वयाची साधारण अट शंभर वर्षांची आहे, आणि असा पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या लेकीकडे पणजोबांची खुर्ची पाठवायचा बेत असेल तर हे ध्यानात ठेवा. त्याअलीकडचं, आजीच्या रुखवतातलं किंवा आजोबांच्या बँकेतलं, ते जुनं. हल्ली त्याला ‘व्हिंटेज’ म्हणतात. घरी वापरायला ते जास्त बरं.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवीचं भरगच्च कोरीव फर्निचर बनत असे, ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ नावाने ते साहेबांकडे जाई. त्या खुर्च्या संग्रहालयात शोभतात. पाठ टेकली की वेलबुट्टी बरगडीत रुतते. गोव्याच्या जुन्या घरांतल्या उंच पाठीच्या खुर्च्याही अशाच, दिवाणखाना मोठा असेल तर बघाव्यात. चंदीगडसाठी वास्तुकार पिअर जनरे यांच्या देखरेखीखाली झालेल्या साग-वेताच्या खुर्च्यांचा तर आता परदेशात लिलाव होतो. २०११ मध्ये केंद्राने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली, आणि नकला तेवढ्याच वाढल्या. ‘चंदीगडची आहे’ असं कुणी सांगितलं तर चहा प्या आणि निघा.

खरी गोष्ट आहे ती इराणी कॅफेतल्या खुर्चीची. मायकेल थोनेट या व्हिएन्नातल्या कारागिराने बीच लाकडाचे दांडे वाफेवर मऊ करून वाकवले आणि १८५९ मध्ये १४ क्रमांकाची खुर्ची बाजारात आणली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट, एवढाच तिचा पसारा. सुटे भाग करून एका घनमीटरच्या खोक्यात अशा छत्तीस खुर्च्या बसत. १९३० पर्यंत तिच्या पाच कोटी प्रती खपल्या असं सांगतात. थोनेटचं पेटंट १८६९ मध्ये संपलं आणि मध्य युरोपात वाकवलेल्या लाकडाचे कारखानेच कारखाने उभे राहिले. मुंबईत १९०४ चं कयानी, १९२३ चं ब्रिटानिया अशा कॅफेंमधून संगमरवरी टेबलाभोवती याच घराण्यातल्या खुर्च्या पिढ्यान्‌पिढ्या ब्रून-मस्का खाणाऱ्यांना पेलत आल्या. जसजसे इराणी बंद होत गेले तसतसा त्यांचा माल चोरबाजारात आणि ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या गल्ल्यांत आला.

अशी खुर्ची हाती आली तर ती उलटी करा. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला कागदी लेबल किंवा ठसा शोधा. ‘थोनेट’ असेल, ‘कोन’ असेल, ‘मुंडुस’ असेल. कोन आणि मुंडुस १९१४ मध्ये एक झाले, १९२२ मध्ये थोनेटही त्यांत आलं. त्यामुळे ‘थोनेट-मुंडुस’ अशी जोडनावं दिसली तर खुर्ची त्यानंतरची. लेबल नसलं म्हणून बिघडत नाही. कडं एकसंध वाकवलेलं आहे का, की तुकडे जोडून गोल केलंय, ते महत्त्वाचं.

सागवानी खुर्ची तपासताना पॉलिशकडे बघूच नका. बसून उजवी-डावीकडे रेटा द्या. करकरली तर सांधे सुटलेत. त्याने घाबरायचं कारण नाही. सरस उकरून, सांधे उघडून, पुन्हा चिकटवून दाबून ठेवता येतात. पण कुणी सांध्यात खिळे ठोकले असतील तर लाकूड चिरलेलं असतं, ती सोडा. खालची बाजू कोरी, हवेने काळवंडलेली असावी. तिथेही एकसारखा गडद रंग मारलेला असेल तर कुणीतरी वय चढवलंय. पुढचा आडवा दांडा पावलं टेकून झिजलेला असायला हवा. चौफुली खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकाआधी नव्हता; तो दिसला तर निदान दुरुस्ती तरी नंतरची. सहाच्या संचात दोन खुर्च्या नव्या करून मिसळणं हा जुना धंदा आहे, म्हणून प्रत्येक खुर्ची उचलून वजन बघा. बारीक भोकांतून पिठासारखा भुगा गळत असेल तर कीड जिवंत आहे. सागाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागते. बीचला मात्र सगळीकडे लागते.

आपल्या भागात आणखी एक तपासणी हवी. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, हजाराहून अधिक प्रवासी बाहेर काढावे लागले. उल्हास नदीकाठी तळमजल्यावर राहणाऱ्यांना असं पाणी नवं नाही. पुरात बुडालेली खुर्ची वाळली की वरून बरी दिसते. पायांवर सगळीकडे एकाच उंचीची फिकी रेघ असेल आणि सांध्यांत पांढरी बुरशी, तर किंमत पाडून मागा किंवा पुढे चला.

मोजपट्टी खिशात असावी. बसायची उंची सतरा-अठरा इंच आणि टेबलाची एकोणतीस-तीस, मधे अकरा-बारा इंच राहिले की जेवताना मांडी मोकळी राहते. जुन्या खुर्च्यांचे पाय कुजले की कापतात, मग ती पंधरा इंचांवर येते आणि आपण ताटाकडे मान वर करून बघत बसतो.

दुरुस्तीसाठी लांब जायला नको. युद्धकाळातल्या कल्याण लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं, आणि आज या पट्ट्यातला नव्या फर्निचरचा मोठा बाजार तिथे आहे. बाजार आहे म्हणजे सुतार आणि पॉलिशवाले आहेत. त्यांना एकच सांगायचं: घासून कोरी करू नका, मेलामाइन मारू नका, चपडीचं पॉलिश हाताने चढवा. ते आग्रह करतील, कारण चकचकीत लवकर होतं. ऐकू नका. आणायची काळजीही नको: इराण्याची खुर्ची सुटी करून कर्जत लोकलच्या लगेज डब्यात सहज मावते, गर्दीची वेळ तेवढी टाळा.

राहिली बैठकीची वेताची जाळी. कड्यात जवळजवळ भोकं पाडलेली असतील तर ती हाताने विणलेली. खाचेत तयार जाळी दाबून वर पट्टी बसवली असेल तर ती कारखान्यातली. हाताच्या विणीत दोनदा उभं, दोनदा आडवं, दोनदा तिरपं आणि शेवटी किनार. वेताची तिरपी काडी योग्य बाजूने गेली तर सरसर सरकते, चुकली तर अडते. हे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. म्हणूनच अंधशाळांमध्ये वेतकाम शिकवत आणि सरकारी कार्यालयांत ‘चेअर केनर’ हे पद अंधांसाठी योग्य मानलं जाई. मग नायलॉनची पट्टी आली, पाठोपाठ एका साच्यातून निघणारी प्लास्टिकची खुर्ची आली, आणि विणायला काही उरलं नाही. वांगणीत अंध कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांतले कितीतरी जण रोज लोकलच्या डब्यांतून किरकोळ वस्तू विकून घर चालवतात. वेत विणायचा हुन्नर तिथल्या सगळ्यांना येतो असं नव्हे. पण जुन्या खुर्च्यांचा शौक असलेल्या घरांनी कामं दिली तर शिकणारे आणि शिकवणारे दोन्ही मिळतील.

तेव्हा यंदा माळ्यावरची बिनहाताची खुर्ची खाली काढलीत आणि जाळी फाटलेली निघाली, तर तिच्यावर प्लायवूड ठोकू नका. अंधांच्या संस्थांकडे विणणाऱ्याची चौकशी करा, आणि तो सांगेल ती मजुरी घासाघीस न करता द्या.