वेल्स, जेम्स
(१७४७ – नोव्हेंबर १७९५). पश्चिम भारतातील निसर्गदृश्ये व लेणी रेखाटणारा स्कॉटिश चित्रकार. जन्म पीटरहेड येथे. १७९१ मध्ये तो मुंबईस आला.

अठराव्या शतकातील ब्रिटिश निसर्गचित्रणाचा आदर्श इटली हा होता. १७५०–५७ या काळात इटलीत राहिलेल्या रिचर्ड विल्सनने टिव्होली येथील मिसीनसच्या व हेड्रिअनच्या प्राचीन प्रासादांचे (व्हिला) अवशेष चित्रित केले. भग्न वास्तू, झाडी व दूरचे क्षितिज यांचा मेळ घालणारी ही दृष्टी वेल्सच्या मुंबई परिसराच्या दृश्यांतही आढळते. लेण्यांबाबत मात्र रम्यतेपेक्षा यथातथ्य नोंदीस त्याने अधिक महत्त्व दिले.

१७९२ मध्ये पुण्यास जाऊन त्याने सवाई माधवराव व नाना फडणीस यांचे चित्र रंगविले. ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने तेथे निघालेल्या चित्रशाळेत तयार झालेला गंगाराम तांबट हा त्याचा साहाय्यक होता. वसईच्या खाडीच्या दक्षिणेस असलेल्या साष्टी बेटावरील कान्हेरी लेण्यांचे काम चालू असताना वेल्स मरण पावला.

त्याचा मुंबईच्या बारा दृश्यांचा संच १८०० मध्ये निघाला. त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून टॉमस डॅन्येलने १८०३ मध्ये चोवीस चित्रे प्रसिद्ध केली. पेशवे दरबाराचे डॅन्येलचे चित्रही (१८०५) वेल्सच्याच अभ्यासचित्रांवर आधारलेले आहे. कामाचा मोठा भाग असा इतरांच्या हातून पूर्ण झाल्याने वेल्सचे श्रेय झाकोळले. गंगारामचे त्याहूनही अधिक.