किरकोळ माशांचे अर्थशास्त्र

शिरपूर जैनसारख्या वऱ्हाडातील गावच्या आठवडी बाजारात भाजीची पाटी मांडून बसणाऱ्या बाईचे भांडवल किती, असे कोणी विचारले तर उत्तर फार लहान येते. सकाळी उसनवारीने घेतलेला माल सायंकाळपर्यंत संपतो. दिवेलागणीला तिच्यापाशी शिल्लक माल मोजू जाणाऱ्याच्या हाती शून्यच लागेल. वर्षभराची विक्री मोजणाऱ्याला मात्र निराळेच चित्र दिसेल. साठा आणि प्रवाह यांतील हा भेद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकविला जातो. तथापि सार्वजनिक व्यवहारात त्याचा विसर पडतो, आणि मग जे डोळ्यांत भरते तेच महत्त्वाचे ठरते. या विस्मरणाचे एक बोलके उदाहरण वऱ्हाडापासून शेकडो किलोमीटर दूर, समुद्रातील प्रवाळांत सापडते.

उष्ण कटिबंधातील नितळ समुद्राचे पाणी पोषणद्रव्यांच्या दृष्टीने दरिद्रीच असते. असे असूनही प्रवाळभित्तींवर जीवांची एवढी गर्दी कशी पोसली जाते, हे डार्विनच्या नावाने ओळखले जाणारे जुने कोडे आहे. प्रवाळांच्या अंगात राहणारी शैवले अन्न तयार करतात, हा त्याच्या उत्तराचा एक भाग झाला. दुसरा भाग पाच सेंटिमीटरांहूनही आखूड अशा माशांकडे आहे. गोबी, ब्लेनी आदी कुळांतील हे मासे प्रवाळांच्या फटींत आणि कपारींत दडून राहतात. पाणबुड्यांच्या गणनेतून ते बहुधा निसटतात आणि कोळ्याच्या जाळ्यात त्यांना मोल नसते.

त्यांचे आयुष्यही तितकेच अल्प. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील एका बुटक्या गोबीचा अभ्यास डेप्झिन्स्की आणि बेलवूड या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केला. या माशाचे आयुर्मान जास्तीत जास्त ५९ दिवसांचे आढळले. पृष्ठवंशीय प्राण्यांत इतक्या आखूड आयुष्याची नोंद तोवर झालेली नव्हती. त्यातील सुमारे तीन आठवडे पिलू म्हणून समुद्रात तरंगण्यात जातात, एकदोन आठवडे वयात येण्यात जातात, आणि उरलेल्या तीनसाडेतीन आठवड्यांत संसार आटोपावा लागतो. मादी अंडी घालते, नर त्यांची राखण करतो. भक्षक सर्व बाजूंनी टपलेले असल्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला एवढेही दिवस येत नाहीत.

मग हे मासे संपून कसे जात नाहीत? ब्रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचा उलगडा केला. मोठ्या माशांची पिले प्रवाहाबरोबर दूर समुद्रात वाहून जातात व त्यांतील बहुसंख्य नष्ट होतात. या चिमुकल्यांची पिले मात्र बहुतांशी प्रवाळाच्या आसपासच राहतात आणि मोठ्या संख्येने घरी परततात. जितके खाल्ले जातात, तितकेच नवे येतात. कोणत्याही एका क्षणी त्यांचे एकूण वजन नगण्य भासते. परंतु प्रवाळभित्तीवर जेवढे मत्स्यमांस भक्ष्य म्हणून खाल्ले जाते, त्यातील जवळजवळ ६० टक्के यांचेच असते, असा या संशोधकांचा निष्कर्ष आहे. साठा अत्यल्प आणि प्रवाह प्रचंड, असा हा मामला आहे.

महाराष्ट्राला या गोष्टीशी कर्तव्य आहे, कारण प्रवाळ आपल्याही किनाऱ्यावर आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात ते तुरळक आढळतात, आणि विजयदुर्गसमोर खोल समुद्रात, कान्होजी आंग्रे यांचे नाव लाभलेला आंग्रिया बँक हा विस्तीर्ण बुडीत उंचवटा आहे. १९८७ साली मालवण येथे सागरी अभयारण्य घोषित झाले. उपजीविकेवर गदा येईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला. ती भीती अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु हद्दी, जाळी आणि पर्यटनाचे उत्पन्न यांभोवतीच वाद फिरत राहिला, तर मूळ उत्पादन कोठे होते हा प्रश्न बाजूलाच पडतो.

अन्य समुद्रांतील आकडे मालवणला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे खरे. तथापि तत्त्व बदलत नाही. होडीच्या नांगराने किंवा हौशी पर्यटकाच्या पायाखाली प्रवाळाचा एखादा गड्डा फुटतो, तेव्हा केवळ समुद्रतळाची शोभा उणी होत नाही, तर अनेक कपारींतील बिऱ्हाडे मोडतात आणि भक्षकांच्या ताटात पडणारे रोजचे अन्न घटते. त्यावर तापमानवाढीचे संकट आहेच. १९९८ साली लक्षद्वीपचे प्रवाळ समुद्र तापल्याने मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले, आणि २०२४ साली तेथे पुन्हा तसाच प्रसंग ओढवला.

उष्णतेवर मालवणच्या हाती उपाय नाही; नांगरावर आहे. पर्यटकांच्या होड्या बांधण्यासाठी तरंगते बोये ठेवावेत, प्रवाळावर उभे राहण्यास सक्त मनाई असावी, आणि या कामात मच्छीमारांना रोजगारासह सहभागी करून घ्यावे. त्याचबरोबर, सागरी सर्वेक्षणाच्या तक्त्यात मोठ्या माशांच्या शेजारी या किरकोळ माशांसाठीही एक रकाना असावा. आठवडी बाजाराची जागा उखडली तर पाटीवाली बाई तक्रारीचा अर्ज करीत नाही. ती पुढच्या आठवड्यात येत नाही, एवढेच. तिची उणीव गावाला स्वयंपाकघरात जाणवते. समुद्राच्या बाबतीत ती जाणवेल तेव्हा तिचा पहिला चटका मालवणच्या कोळ्याच्या घरालाच बसेल.